सतरा मिलिग्रॅमचा डोस

रात्री औषध विभागात ऑर्डर आली: फायब्रिनोजेन (रक्त गोठायला लागणारं प्रथिन) कॉन्सन्ट्रेट, १७ मिलिग्रॅम, शिरेतून. व्हायल १ ग्रॅमची असते आणि ५० मिलिलिटर पाण्यात विरघळवतात. त्यातले १७ मिलिग्रॅम म्हणजे मिलिलिटरभरही नाही. एवढ्याशासाठी कोणी ही व्हायल उघडत नाही, म्हणून हिशोब मुळापासून मांडला.

मूल २४ किलोचं. फायब्रिनोजेनची जन्मजात तीव्र कमतरता, पडल्यावर सोअस स्नायूत, म्हणजे कंबरेच्या आतल्या खोल स्नायूत, रक्तस्राव. हा मोठा रक्तस्राव, त्यामुळे लक्ष्य १५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. सूत्र सोपं आहे: लक्ष्यातून सध्याची पातळी वजा करा, १.७ ने भागा (किलोमागे १ मिलिग्रॅम दिलं की पातळी साधारण एवढी वाढते), वजनाने गुणा. वॉर्डाने तेच केलं होतं. फक्त लॅबचा रिपोर्ट ग्रॅम प्रति लिटरमध्ये होता, ०.३, म्हणून लक्ष्यही १.५ धरलं गेलं. १.२ भागिले १.७, गुणिले २४, उत्तर १७. पण १.७ हा भाजक डेसिलिटरच्या हिशोबातला. ०.३ म्हणजे ३०. १२० भागिले १.७ केलं की किलोमागे ७०.६, एकूण १,६९४ मिलिग्रॅम. शंभरपट फरक, आणि गणितात एकही चूक नाही!

पडताळा हाताशीच असतो. पातळी माहीत नसेल तर किलोमागे ७० मिलिग्रॅम देतात. तीव्र कमतरता आणि मोठा रक्तस्राव असताना उत्तर याच्या आसपास आलं नाही, तर आधी एकक बघावं. उलट बाजूची चूकही परवडत नाही. या रुग्णांत गुठळी होण्याचा धोका असतोच.

'१ ग्रॅम' हे फक्त नाव. खरी मात्रा प्रत्येक व्हायलवर छापलेली असते. आमच्या बॅचवर १,०८० होती. म्हणजे मिलिलिटरला २१.६ मिलिग्रॅम, डोस ७८.४ मिलिलिटर. व्हायल हलकेच फिरवायची, जोरात हलवली की फेस येतो आणि बराच वेळ बसत नाही. वेग मिनिटाला ५ मिलिलिटरच्या वर नेत नाहीत. आम्ही त्याच्या निम्म्याने दिलं. क्रायोचा (रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेल्या, फायब्रिनोजेन असलेल्या घटकाचा) पर्याय होता, पण पिशवीमागे १५० मिलिग्रॅम धरले तरी अकरा-बारा पिशव्या, आणि आत नेमकं किती आहे ते कळत नाही.

डोसनंतरची पातळी १५० नाही, १३१ आली. लहान मुलांत वाढ कमी मिळते, त्यामुळे नवल वाटलं नाही. १०१ ची वाढ भागिले ७०.६, म्हणजे या मुलाचा भाजक १.४३. उरलेल्या १९ साठी ३१९ मिलिग्रॅम, १४.८ मिलिलिटर. त्यासाठी तिसरी व्हायल उघडावी लागली, कारण दुसरीतलं उरलेलं औषध एव्हाना टाकून दिलं होतं. अर्धवट वापरलेली व्हायल ठेवत नाहीत. एवढं महाग औषध टाकताना हात जड होतो, ते वेगळं.

चोवीस तासांनी पातळी ११६. अर्धायुष्य (पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ) साधारण तीन दिवसांचं, त्यामुळे ही घट अपेक्षेतलीच. मुलाच्या फाइलवर १.७ खोडून १.४३ लिहिलं, आणि शेजारी एकक.