दादर ते शिवडी, पावट्याच्या वीस बियांपायी

पावट्याच्या २० बिया मोजून ओल्या फडक्यात गुंडाळल्या होत्या. सहाव्या दिवशी फडकं सोडलं, तर एकीलाही मोड नव्हता. कुबट वास तेवढा आला, आणि बोटांना बुळबुळीत लागलं. आजीच्या हातचं बी होतं ते. ती गेल्यावर पाटणहून मी एवढं एकच मागून आणलं आणि मालाडच्या फ्लॅटमध्ये, ओट्यावरच्या कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत दोन पावसाळे ठेवून दिलं. आजी तेच बी चुलीच्या राखेत घोळवून मडक्यात भरायची आणि मडक्याचं तोंड शेणामातीने लिंपायची. तिची राख ओल शोषून घ्यायची, भुंग्याला फिरकू द्यायची नाही. माझ्या पिशवीने मुंबईची दमट हवा आत कोंडून धरली.

मग महिनाभर बियांच्या बँकांबद्दल मिळेल ते वाचत सुटले. (बी जिवंत असताना वाचायला हवं होतं, हे नवऱ्याने न विचारता सांगितलं.) वाचल्यावर कळलं की जगभरच्या बँका करतात ते आजीचंच काम, फक्त जास्त काटेकोर. बी वाळवून ओलावा तीन ते सात टक्क्यांवर आणायचा, अॅल्युमिनियमच्या पाकिटात बंद करायचं, उणे १८ अंशांत ठेवायचं, आणि काही वर्षांनी थोडं बाहेर काढून उगवण बघायची. उगवण घसरली की शेतात पेरून नवं बी धरायचं. याच वाचनात एका जहाजाची गोष्ट सापडली. ते जहाज मुंबईकडे निघालेलं होतं. तेव्हा म्हटलं, जिथे ते यायचं होतं तो भाग तरी पायी बघून येऊ.

सोबतीला नाना. माझे आजोबा आणि नाना दोघेही दाणाबंदरचे, म्हणजे मशीद बंदरजवळच्या धान्य बाजारातले माथाडी, दोघेही सातारकडचे. आजोबांना जाऊन वर्षं झाली. नाना पंचाहत्तरीतही खणखणीत आहेत आणि सध्या नायगावला लेकीकडे असतात. जानेवारीतल्या शनिवारी सकाळी दादर स्टेशनबाहेर भेटले. हातात कापडी पिशवी, पिशवीत एक लांब गुंडाळी. "ती काय, नंतर दाखवतो. आदी वडापाव खाऊ," म्हणाले.

वडापाव हातात आला आणि मला राहवलं नाही. म्हटलं, नाना, यातलं आपलं काय आहे सांगा. बटाटा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. मिरची अमेरिकेतलीच. शेंगदाणाही तिथलाच. पावाचा गहू पश्चिम आशियातला, बेसनाचा हरभरा तुर्कस्तानच्या आग्नेय भागातला, लसूण मध्य आशियातला. नानांनी वडा उलटसुलट करून बघितला. "तळणारा तरी आपला हाय न्हवं?"

याच कारणाने २००१ साली रोममध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत, पिकांच्या वाणांबद्दल एक आंतरराष्ट्रीय करार मंजूर झाला. तो २००४ मध्ये लागू झाला. भारतही त्यात आहे. एकाही देशाचं ताट स्वतःच्या मातीतल्या पिकांवर भरत नाही, तेव्हा निदान महत्त्वाच्या पिकांचं बी संशोधकांना एकाच ठरावीक कागदावर सही करून मिळावं, दर वेळी नव्याने सौदा नको, असा तो बेत. पण "महत्त्वाची पिकं" कोणती यावर सात वर्षं घासाघीस चालली. शेवटी यादीत ६४ नावं बसली. गहू आहे, हरभरा आहे, बटाटा आहे. मिरची नाही, लसूण नाही, शेंगदाणा नाही. म्हणजे पाव आणि वडा करारात, आणि लाल चटणी बाहेर. चटणीतलं खोबरं तेवढं आत, कारण नारळ यादीत आहे.

"म्हंजी चटणी बेवारस," नाना म्हणाले, आणि कागद चोळून टोपलीत टाकला. पावटा यादीत आहे का, ते मी घरीच बघून ठेवलं होतं. तोही नाही.

स्लो लोकलने मशीद बंदरला उतरलो. पूल उतरून बाहेर आलं की हातगाड्या, टेम्पो, "बाजू बाजू" अशा हाका, आणि हवेत मसाला, डिझेल, गोणपाट यांचा मिळून एक वास. धान्याचा घाऊक बाजार नव्वदच्या दशकात वाशीला गेला, तरी नाना गोदामं ओळखीची असल्यासारखे चालत होते. इथं बारदानाची थप्पी, तिथं तोलणाऱ्यांचा काटा, या पायरीवर जेवायला बसायचे. एका बंद शटरसमोर थांबून त्यांनी पिशवीतली गुंडाळी सोडली. आत परखी होती.

परखी म्हणजे वीतभर लांब लोखंडी नळी. एक टोक अणकुचीदार, मधून खोलगट, मूठ पोकळ. पोत्याच्या विणीत खुपसली की धागा तुटत नाही, नुसता बाजूला होतो, आणि खोबणीतून दाणे घरंगळत तळहातावर येतात. काढून बोटाने विणीवर चोळलं की भोक बुजतं. नानांच्या परखीची मूठ अंगठ्यापाशी झिजून चपटी झालीय. "शंभर पोत्यांची जात ह्या मुठभर दाण्यांत कळायची," ते म्हणाले. "बहात्तरच्या दुष्काळात मिलो आली तवा परखी खुपसायची गरजच नव्हती. लाल रंग बारदानाबाहेरनंच दिसायचा." मिलो म्हणजे अमेरिकेची लाल ज्वारी. आमच्या घरात अजून कोणाला भाकरी आवडली नाही की "मिलोची हाय का?" असं विचारतात.

तिथून पी. डी'मेलो रोडला आलो. एका बाजूला गोदीची लांबच लांब भिंत. गेटपाशी मी फोन वर केला, तर सुरक्षारक्षकाने लांबूनच हात हलवला. फोटो नाही. मग भिंतीच्या सावलीत उभं राहून नानांना जहाजाची गोष्ट सांगितली.

१९६५ सालची. गव्हाचे शास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिकोत तयार केलेल्या बुटक्या गव्हाचं बी भारत आणि पाकिस्तान, दोघांना हवं होतं. 'लर्मा रोहो' आणि 'सोनोरा ६४' या वाणांचं मिळून सुमारे ४५० टन. २०० आपलं, २५० त्यांचं. गव्हाला बुटकेपणा देणारा गुण मुळात 'नोरिन १०' या जपानी गव्हातला. तो अमेरिकेमार्गे मेक्सिकोत पोचलेला. मेक्सिकोच्या कस्टम्समध्ये माल अडकला, म्हणून तिथल्या बंदराऐवजी ३० ट्रकांचा ताफा लॉस एंजेलिसला निघाला. तिथे दंगल पेटलेली, रस्ता बंद. वळसा घालून बंदरावर पोचले, तर पाकिस्तानच्या चेकवर तीन शब्दांचं स्पेलिंग चुकलेलं, आणि बँक पैसे देईना. कसंबसं बी जहाजावर चढलं. जहाजाची ठिकाणं दोन: मुंबई आणि कराची. जहाज निघून १२ तास होतात न होतात तोच दोन्ही देशांत युद्ध सुरू झालं.

"येकाच जहाजात दोघांचं?" नानांनी दोनदा विचारलं.

एकाच. आणि पेरल्यावर लक्षात आलं की उगवण निम्मीसुद्धा नाही. मेक्सिकोच्या गोदामात कीड मारायला धुरी जास्त दिली गेली होती. बोरलॉगनी सगळीकडे निरोप धाडला, पेरणीचं बी दुप्पट करा. (इथे मला माझं ओलं फडकं आठवलं, दुप्पट करायला माझ्याकडे बीच नव्हतं.) तरीही पीक असं आलं की पुढच्या वर्षी भारताने मेक्सिकोहून १८,००० टन बी मागवलं. पुढे मेक्सिकोतल्या एकाच संकरातून निवड करत आपल्याकडे 'कल्याण सोना' हा वाण झाला, आणि पाकिस्तानात 'मेक्सिपाक'. नावं दोन, आईबाप तेच.

कल्याण सोना म्हटल्यावर नानांचा चेहरा उजळला. त्याची पोती त्यांच्या पाठीवरून गेलेली होती.

मशीदहून हार्बरची गाडी धरली. डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन. गाडीत नानांनी मुद्द्याचं विचारलं: बी देणाऱ्या शेतकऱ्याला काय मिळतं? कागदावर उत्तर आहे. करारातून घेतलेल्या बियांपासून कंपनीने नवा वाण काढून विकला आणि इतरांना त्यावर पुढचं संशोधन करायला अटकाव केला, तर विक्रीच्या १.१ टक्क्यातून ३० टक्के वजा करून उरेल ते एका जागतिक निधीत भरायचं. हजार रुपयांच्या विक्रीला सात रुपये सत्तर पैसे. अटकाव नसेल तर भरणं ऐच्छिक. निधीत आजवर आलेला बहुतेक पैसा सरकारांनी स्वखुशीने दिलेला आहे. मला हा करार आवडतो, पण इथे तो लंगडा पडतो, हे कबूल करायला हवं. नानांनी एका वाक्यात निकाल लावला. "आमच्या माथाडी बोर्डात व्यापाऱ्याला लेव्ही भरावीच लागायची. तुमच्या ह्या बोर्डाला मुकादमच न्हाई."

शिवडीला पूर्वेला उतरून हाजी बंदर रोडने चालत गेलो. धूळ, ट्रक, पडक्या भिंती. याच रस्त्यावर केंद्र सरकारचं वनस्पती संगरोध केंद्र आहे. परदेशातून येणारं धान्य, रोपं, लाकूड यांच्यासोबत नको ती कीड-रोग येऊ नयेत म्हणून तपासणी करणारं. संशोधनासाठी येणाऱ्या बियांची परवानगी आणि तपासणी मात्र दिल्लीची राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन संस्था करते. शनिवार असल्याने गेट बंद होतं. बाहेर रस्त्याकडेला गाजरगवत माजलेलं. नाना त्याकडे बोट दाखवून हसले. हे अमेरिकेच्या मदतीच्या गव्हातून आलं असं सगळेच म्हणतात. देवाणघेवाण हवी, पण दार राखणारा कोणी हवा, हे त्या बंद गेटपाशी आपोआपच पटलं.

धक्क्यावर पोचलो तेव्हा ओहोटी होती. चिखलात लांबवर फ्लेमिंगोंचा गुलाबी पट्टा, आणि मागे न्हावाशेवाकडे गेलेला अटल सेतू. तिथे बसून नानांना सीरियातल्या अलेप्पोजवळच्या बियाणे बँकेचं सांगितलं. यादवी युद्धात तिथलं काम बंद पडलं. पण तिथल्या शास्त्रज्ञांनी गहू, बार्ली, मसूर, हरभरा यांच्या वाणांच्या जोड-पुड्या आधीच नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, डोंगरात खोदलेल्या तिजोरीत ठेवल्या होत्या. ही तिजोरी २००८ साली उघडली. आज तिच्यात १२ लाखांहून जास्त नमुने आहेत. २०१५ मध्ये त्याच शास्त्रज्ञांनी सुमारे ३८,००० नमुने परत मागून घेतले, लेबनॉन आणि मोरोक्कोत पेरले, आणि २०१७ पासून नवं बी पुन्हा तिजोरीत नेऊन ठेवायला लागले. तिथला नियम मला फार आवडतो: ठेवणाऱ्याची पेटी ठेवणाराच उघडणार. नॉर्वेसुद्धा नाही.

नाना बराच वेळ पक्ष्यांकडे बघत राहिले. मग खिशातून वर्तमानपत्राची पुडी काढली. पाटणहून सूनबाईच्या माहेरचा पावटा. पुडीत अजून राखेची भुकटी होती.

घरी २० बिया मोजल्या. पाचव्या दिवशी १७ मोडावल्या. उरलेल्यांचे तीन वाटे केले: एक राख घालून मडक्यात, एक काचेच्या बरणीत फ्रिजमध्ये, आणि एक पनवेलला बहिणीकडे. तिला फोनवर बजावलं, पुडी उघडायची नाही, कोणाला द्यायची नाही, मी मागेन तेव्हाच परत.

"मग माझ्याकडे ठेवतेस कशाला?" ती म्हणाली. "आणि उंदराने उघडली तर?"

डबा पत्र्याचा घे म्हटलं.