बेंटनव्हिलचा चौक, एकाच जागेवरून

जानेवारी 2010. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. नवरा वॉलमार्टच्या मुख्यालयात कामाला, घरात चार भांडी आणि हवा भरायची एक गादी. शनिवारी दुपारी आम्ही गावच्या चौकात गेलो. थंडीनं कान दुखत होते. साताऱ्याला पाठवायला म्हणून मी एक फोटो काढला: मध्ये हिरवळीचा चौकोन, त्यात उंच चौथऱ्यावर एक दगडी सैनिक, मागे कोर्टाची इमारत. रात्री बाबांनी फोनवर विचारलं, "तो पुतळा कुणाचा गं?"

"असेल कुणी शूर सैनिक," मी म्हणाले.

चौक म्हटला की पुतळा असायचाच, त्यात विचारण्यासारखं काय, असं मला वाटलं. या उत्तराकडे मी पुढे परत येणार आहे.

माझ्या व्हिसावर तेव्हा नोकरी करता येत नव्हती. दिवस लांबलचक होते आणि घरापासून चालत जाण्यासारखं ठिकाण एकच, हा चौक. एप्रिलमध्ये झाडांना पालवी फुटली तेव्हा मी पुन्हा त्याच जागी उभी राहिले आणि तसाच फोटो काढला. मग जुलैत, मग ऑक्टोबरात. तेव्हापासून वर्षातून चार वेळा, न चुकता. भारतात गेले असेन तर आल्यावर पहिल्या शनिवारी.

एकाच जागेवरून फोटो काढणं वाटतं तितकं सोपं नाही. दोन पावलं डावीकडे सरकलात तरी मागची इमारत पुढच्या झाडाआड जाते. त्यासाठी फ्रेममध्ये जवळची एक आणि लांबची एक अशा दोन खुणा पकडाव्या लागतात आणि त्या दोन्ही जुळेपर्यंत मागेपुढे सरकत राहावं लागतं. मी उभी राहायचे पश्चिमेच्या फूटपाथवर. माझी जवळची खूण होती त्या सैनिकाचा खांदा, आणि लांबची खूण कोर्टाच्या इमारतीची कड. खांदा कडेला टेकला की बटण दाबायचं. कोर्टाचं तोंड पश्चिमेला, म्हणून हा फोटो दुपारनंतरचा. दुसरा फोटो उलट बाजूनं, कोर्टासमोरून पश्चिमेकडच्या दुकानांचा. तो सकाळी नऊच्या आत, कारण नंतर दर्शनी भिंतींवर सावली यायला लागते.

त्या पश्चिमेच्या रांगेतच ते दुकान आहे, ज्याच्यामुळे आम्ही सगळे इथे आलो. वॉलमार्टचे संस्थापक सॅम वॉल्टन यांचं याच राज्यातल्या न्यूपोर्टमधलं दुकान उत्तम चाललं होतं, पण जागामालकानं भाडेकरार वाढवून दिला नाही. म्हणून 1950 मध्ये ते बेंटनव्हिलला आले आणि चौकातलं एक दुकान घेऊन 'वॉल्टन्स फाइव्ह अँड डाइम' हे स्वस्त किरकोळ वस्तूंचं दुकान उघडलं. त्या वर्षीच्या जनगणनेत गावाची लोकसंख्या होती 2,942. पहिलं वॉलमार्ट 1962 मध्ये शेजारच्या रॉजर्समध्ये निघालं, इथे नाही. पण मुख्यालय याच गावात राहिलं. चौकातल्या त्या दुकानात आता कंपनीचं संग्रहालय आहे. दारावर लाल-पांढरं कापडी छप्पर, जुनी पाटी, आत आइस्क्रीम. 2010 मध्ये गावाची लोकसंख्या 35,301 होती, 2020 मध्ये 54,164. माझे बहुतेक फोटो नेमके याच दहा वर्षांतले.

आणि तरीही पहिल्या दोनतीन वर्षांचे फोटो शेजारी ठेवले की फरक शोधावा लागतो. दर्शनी भिंती त्याच. एखाद्या दाराचा रंग बदललेला, एक झाड गेलेलं. सुरुवातीला मला वाईट वाटायचं, आपण उगाच काढतोय की काय. मग लक्षात आलं, बदल दर्शनी भिंतींत नव्हताच, तो कडेकडेनं येत होता. तिरप्या पार्किंगमध्ये आधी सगळे पिकअप ट्रक. 2014 च्या सुमारास गाड्यांच्या मागे सायकली अडकवलेल्या दिसू लागतात. आणखी काही वर्षांनी चौकातून सरळ सायकलवरच जाणारी माणसं, चिखलानं माखलेली. छपरांच्या वर आधी नुसतं आभाळ होतं. नंतर क्रेनचा हात दिसायला लागतो, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, मग दोन.

त्यामागची कारणं गावात कुणालाही विचारा. नोव्हेंबर 2011 मध्ये सॅम वॉल्टन यांच्या कन्या ॲलिस वॉल्टन यांनी क्रिस्टल ब्रिजेस हे अमेरिकन कलेचं संग्रहालय उघडलं. चौकापासून झाडीतल्या पायवाटेनं चालत जाता येतं. वास्तुरचना मोशे साफदी यांची, प्रवेश फुकट. आम्ही पहिल्या महिन्यात तीनदा गेलो. 2013 मध्ये चौकाला लागून मोठं हॉटेल आलं. क्राफ्टचा चीजचा कारखाना बंद पडला होता, त्याच इमारतीत फेब्रुवारी 2020 मध्ये मोमेंटरी नावाचं कलाकेंद्र सुरू झालं. टेकड्यांतल्या सायकलवाटा तर दर वर्षी वाढत गेल्या. पाहुणे आले, घरभाडी वाढली. चौकाजवळची लाकडी, बुटकी घरं पाडून तिथे तिमजली घरं उभी राहिली. माझ्या पहिल्या भाड्याच्या घराच्या जागीही आता वेगळंच घर आहे.

एका गोष्टीची हळहळ मला कायम राहील. चौकातल्या जुन्या खाणावळीत सकाळी सहाला म्हातारे शेतकरी कॉफी प्यायला बसायचे. इंग्रजी बोलायची सवय मी तिथेच केली, त्यांचा हेल समजेपर्यंत वर्ष गेलं. त्या खाणावळीचा बाहेरून काढलेला फोटो माझ्याकडे कितीतरी वेळा आहे. आतला एकही नाही. टेबलं, भिंतीवरची कॅलेंडरं, तो कॉफीचा जाड पांढरा मग, काही नाही. ती बंद झाली तेव्हा मला कळलं की मी दहा वर्षं इमारतींचे फोटो काढत होते आणि माणसं त्यात योगायोगानं आली होती.

त्यानंतर मी शनिवारच्या भाजीबाजाराचे फोटो मुद्दाम जवळ जाऊन, विचारून काढायला लागले. चौकाभोवती मंडया लागतात. मूळची आग्नेय आशियातली ह्मोंग शेतकरी कुटुंबं कोवळ्या मिरच्या, लांब वांगी, गवती चहा आणतात. आपल्या बायका तिथे पहिल्यांदा येतात तेव्हा चेहरे उजळतात. ऑक्टोबरात 'आर्कान्सा ब्लॅक' नावाचं सफरचंद येतं, याच परगण्यातलं, एकोणिसाव्या शतकातलं वाण. साल इतकी गडद लाल की काळी वाटावी. झाडावरून काढल्यावर दगडासारखं कडक असतं. थंड जागी काही आठवडे ठेवलं की गोड होतं. आपण आंब्याची आढी लावून वाट बघतो तसंच. हा भाग एकेकाळी सफरचंदांसाठी नावाजलेला होता, 1901 पासून राज्याचं फूलही सफरचंदाचाच मोहोर आहे. कीड, रोग आणि मंदी यांनी त्या बागा संपवल्या. मोहोर राज्याचं फूल म्हणून राहिला, झाडं गेली.

जुन्या वस्तूंच्या दुकानात मला या चौकाचं एक पोस्टकार्ड मिळालं. कच्चा रस्ता, घोडागाड्या, आणि मध्ये तोच सैनिक. तारीख नव्हती. पण मागची बाजू उभ्या रेघेनं दुभागलेली होती, डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता. अमेरिकेत अशी कार्डं 1907 पासूनच चालू झाली. म्हणजे त्यानंतरचं. पुतळा केव्हाचा, ते कळलं तर आणखी नेमकं सांगता येईल, म्हणून मी पहिल्यांदा पुतळ्याची माहिती शोधायला बसले. तोपर्यंत 2019 साल उजाडलं होतं. नऊ वर्षं मी त्याच्या खांद्यावर नेम धरून फोटो काढले होते.

पुतळा 1908 चा. युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी या संस्थेनं उभारलेला. अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा तो सैनिक. दगडातला माणूस कुणी एक नव्हे, अनामच. पण चौथऱ्यावर जेम्स बेरी यांचं नाव, म्हणून गावातले पुष्कळ लोक तो बेरींचाच समजत. बेरी त्या सैन्यात होते, 1862 मध्ये कॉरिंथच्या लढाईत त्यांचा पाय गेला, पुढे ते राज्याचे गव्हर्नर आणि मग सिनेटर झाले. युद्ध 1865 मध्ये संपलं होतं. पुतळा उभा राहिला त्यानंतर 43 वर्षांनी, ज्या काळात दक्षिणेत काळ्या लोकांचे मतदानाचे हक्क काढून घेतले जात होते, शाळा, गाड्या, पाण्याचे नळ वेगळे केले जात होते, आणि असे पुतळे गावोगावी कोर्टासमोर बसवले जात होते. कोर्टासमोर. माझ्या फ्रेममध्ये सैनिक पुढे आणि न्यायालय मागे, हे मी रचना म्हणून पाहत आले होते.

आमच्या इमारतीत एक काळी शेजारीण होती, दोन मुलांची आई. तिला मी पोस्टकार्ड दाखवलं. ती म्हणाली, मुलांना घेऊन मी चौकात जाते, पण मधल्या बाकावर बसत नाही. ती त्याच इमारतीत चार वर्षं राहत होती आणि चौकात मला कितीदा तरी भेटली होती. मी घरी येऊन सगळे फोटो पुन्हा चाळले. दोन फोटोंत ती होती, दोन्ही वेळा कडेच्या फूटपाथवर.

मे 2020 मध्ये मिनिआपोलिसला जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला. जूनच्या सुरुवातीला आमच्या चौकातही निदर्शनं झाली, रात्री अश्रुधूर सोडला गेला. पुतळा हलवायचं त्याच सुमारास ठरलं, आणि 2 सप्टेंबर 2020 ला तो उतरवला. आता तो दफनभूमीलगतच्या एका खासगी जागेत आहे. गावात दोन्ही बाजूंनी बोलणारी माणसं होती आणि आहेत. मला विचाराल तर कोर्टाच्या दारातून तो जायलाच हवा होता. जिला न्याय मागायला त्या दारातून आत जायचंय, तिनं आधी त्याच्या समोरून का जावं?

ऑक्टोबर 2020 चा माझा फोटो थोडा तिरका आहे. जवळची खूण नव्हती. मास्क लावून मी फूटपाथवर मागेपुढे होत राहिले आणि शेवटी अंदाजानं बटण दाबलं. मध्ये मोकळी जागा, मागे कोर्टाची इमारत पहिल्यांदाच अखंड दिसते. ती 1928 ची आहे, हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं मी तिची फक्त कड पाहिली होती. नवं न्यायालय बांधायला विक्रीकर वाढवायचा प्रस्ताव 2019 मध्ये मतदारांनी फेटाळला, म्हणून काम अजून तिथेच चालतं.

तो फोटो मी बाबांना पाठवला आणि दहा वर्षांपूर्वीच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. सगळं सांगितलं. ते बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आपल्या हॉलमधला फोटो..."

2014 च्या उन्हाळ्यात आई-बाबा इथे आले होते. बाबा चौकात बाकावर बसलेत, हातात आइस्क्रीम, मागे सैनिक. साताऱ्याच्या घरात तो फोटो मोठा करून लावलाय. आईला बाबांचा तो हसरा चेहरा फार आवडतो. मी म्हटलं, काढून टाका, दुसरा पाठवते. बाबा शिक्षक होते. प्रत्येक फोटोच्या मागे तारीख आणि माणसांची नावं लिहायची त्यांची सवय. मोती चौकातल्या मिरवणुकीचा आजोबांबरोबरचा फोटो कधीचा आहे, हे आम्हाला त्यामुळेच माहीत आहे. ते म्हणाले, "काढायचा कशाला? मागे लिहितो."

पुढच्या वेळी घरी गेले तेव्हा मी फ्रेम उतरवून पाहिली. निळ्या शाईत, वळणदार अक्षरात: "बेंटनव्हिल, जून 2014. मागे कॉन्फेडरेट सैनिकाचा पुतळा, 1908 ते 2020. त्या वेळी मला माहीत नव्हते."

तेव्हापासून मी प्रत्येक फोटोची छापील प्रत काढते आणि मागे पेन्सिलनं लिहिते. काय दिसतं आणि काय दिसत नाही, दोन्ही. जुळवायला आता नवी खूण आहे, हिरवळीच्या कडेचा एक दिव्याचा खांब. परवाच्या फोटोमागे असं लिहिलंय: शनिवार, दुपारी चार. उजवीकडे क्रेन एक. निळ्या कोटातली शेजारीण, मुलं आता तिच्याहून उंच, मधल्या बाकावर. तिला विचारून काढला.