तुम्ही विचारलंत म्हणून: अमेरिकन कंट्री गायक मर्ल हॅगर्डचं सर्वांत चांगलं नंबर वन गाणं कुठलं?

'हंग्री आईज'. माझं उत्तर दरवेळी हेच असतं आणि दरवेळी समोरचा म्हणतो, "ते ठीक आहे, पण खरं सांग."

खरंच सांगतोय. कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डला आल्यापासून तेलविहिरींवरच्या सहकाऱ्यांना, मंडळाच्या गणपतीत भेटणाऱ्यांना, फोनवर लातूरच्या मित्रांना हेच सांगत आलोय. बिलबोर्ड या अमेरिकन संगीत नियतकालिकाच्या कंट्री यादीत मर्लची 38 गाणी पहिल्या नंबरवर गेली. त्याच्या पुढे कॉन्वे ट्विटी 40 वर आणि जॉर्ज स्ट्रेट 44 वर, हे तुम्हाला पाठ आहे. त्या 38 मधलं एकच निवड म्हटलं, की बहुतेकांना माझ्या तोंडून 'मामा ट्राइड' ऐकायचं असतं. काहींना 'ओकी फ्रॉम मस्कोगी' ऐकायचं असतं, कारण मग पुढचा वाद लगेच सुरू करता येतो. मी 'हंग्री आईज' म्हटलं की चेहरे पडतात. म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतो.

आधी आठवड्यांचा हिशोब बाजूला करू. 'मामा ट्राइड', 'ओकी' आणि 'इफ वी मेक इट थ्रू डिसेंबर' चार-चार आठवडे पहिल्या नंबरवर टिकली, तेव्हा भांडण त्या तिघांतच व्हावं असं म्हणणारे बरेच आहेत. पण त्या यादीला एवढंच कळायचं, की त्या आठवड्यात दुकानांत काय खपलं आणि रेडिओवर काय वाजलं. 'टुडे आय स्टार्टेड लव्हिंग यू अगेन' हे 1968 च्या 'द लेजंड ऑफ बॉनी अँड क्लाइड' या तबकडीच्या मागच्या बाजूला होतं. पुढची बाजू पहिल्या नंबरवर गेली, मागची गेली नाही. आज पुढची बाजू किती जण गुणगुणतात? 'सिल्व्हर विंग्ज'चंही तेच झालं, तेही मागच्याच बाजूचं. उलट 1980 साली क्लिंट ईस्टवुडबरोबर गायलेलं 'बार रूम बडीज' पहिल्या नंबरवर गेलं आणि त्याच्यासाठी भांडायला कुणी पुढे येत नाही. नंबर वनमधूनच निवडायचं हे कुंपण मला मान्य आहे. कुंपणाच्या आत पुन्हा आठवडे मोजायला लावू नका.

'ओकी' हे हिप्पींना टोमणे मारणारं, गावाकडच्या देशभक्तीचं गाणं. त्याबद्दल मराठी मित्र मला जे विचारतात, ते गाण्याबद्दल नसतंच. बाहेरून येऊन इथे राहिलेला तू, तुला हा माणूस कसा चालतो, असा तो प्रश्न असतो. मान्य, ते गाणं माझ्याकडे बघून जरा जास्तच मोठ्यानं म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. मला ते लागलं. 'ओकी'नंतर मर्लला 'अर्मा जॅक्सन' काढायचं होतं, गोऱ्या माणसाच्या काळ्या मुलीवरच्या प्रेमाचं गाणं. रेकॉर्ड कंपनीची त्याला तयारी नव्हती. त्याऐवजी 'ओकी'च्याच थाटाचं 'द फायटिन साइड ऑफ मी' आलं आणि 1970 साली तेही पहिल्या नंबरवर गेलं. 'अर्मा जॅक्सन' 1972 मध्ये एका अल्बमात आलं. हे सांगितलं की मित्र म्हणतात, तू त्याची वकिली करतोस. करत असेन. पण 'ओकी' मी माझ्या उत्तरात धरत नाही, ते या कारणानं नव्हे. ते गाणं एका घोळक्याच्या वतीनं बोलतं, आणि मर्ल एकट्या माणसाच्या वतीनं बोलतो तेव्हा जास्त चांगला असतो, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता 'मामा ट्राइड'. इथे मला माझ्याशीच भांडायचं आहे, कारण इथे आलो तेव्हा मीही तेच म्हणायचो, आणि आजच्यापेक्षा जास्त जोरात. तेव्हाचा मी म्हणायचा: पहिल्या गिटारीतच माणूस पकडला जातो. गाण्यातला मुलगा एकविसावा वाढदिवस तुरुंगात काढतो, आणि मर्लनं 1958 साली एकविसावं वर्ष सॅन क्वेंटिन तुरुंगाच्या भिंतीआड खरोखरच ओलांडलं. गाण्यात जन्मठेप आहे, सुटकेची आशा नाही. प्रत्यक्षात मर्लला पंधरा वर्षांपर्यंतची शिक्षा होती आणि 1960 मध्ये तो बाहेर आला. तेव्हाचा मी म्हणायचा, एवढा एक फरक केला म्हणून गाणं उभं राहिलं. याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. तो बरोबरच बोलत होता.

पण त्या गाण्यातल्या आईकडे बघा. तिनं सगळं केलं, पोरानं ऐकलं नाही, दोष सगळा पोराचा. अशी आई आपल्याकडे काय कमी आहे? आपल्या प्रत्येक आईच्या गाण्यात ती देते, झिजते, वाट बघते. तिला स्वतःला काही हवं असतं का, हे कुणी विचारत नाही.

'हंग्री आईज'मधल्या आईला हवं असतं. गर्दीच्या मजूर-छावणीत कापडी छपराचं खोपट, देवाकडे चांगले दिवस मागणारा बाप, आणि छावणीत कधीच मिळणार नाहीत अशा चार चांगल्या वस्तू मनात धरून बसलेली आई. दुसऱ्या एका वर्गानं आपल्याला एक पायरी खाली ठेवलंय, हे मुलगा सरळ म्हणून टाकतो. 1969 साली हे गाणं देशात पहिल्या नंबरवर गेलं. बाईच्या इच्छेबद्दलचं, न भागलेल्या इच्छेबद्दलचं गाणं, आणि ते ट्रक चालवणाऱ्या, विहिरी खोदणाऱ्या पुरुषांनी विकत घेतलं. यापेक्षा मोठं काम त्या 38 मधल्या कुठल्या गाण्यानं केलंय ते सांगा.

यावर जाणकार म्हणतात, मर्ल छावणीत राहिलाच नव्हता. बरोबर आहे. ओक्लाहोमात गोठा जळाल्यावर त्याचे आईवडील कॅलिफोर्नियात आले. बाप रेल्वेत लागला, बेकर्सफील्डशेजारच्या ऑइलडेलमध्ये मालगाडीच्या एका जुन्या डब्याचं त्यानं घर केलं आणि 1937 मध्ये जन्मलेला मर्ल त्यातच वाढला. तो नऊ वर्षांचा असताना बाप गेला. म्हणजे छावणी त्यानं आपल्या माणसांची, आजूबाजूच्यांची घेतली आणि आईला तिच्यात नेऊन बसवलं. इतकी वर्षं हा आक्षेप मी हसून सोडून देत होतो. आई इथे आल्यावर ते मला जमेनासं झालं.

माझी आई धाराशिव जिल्ह्यातली. 1972 च्या दुष्काळात ती शाळकरी पोर होती. तिच्या आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी खाऊन त्यांनी ते वर्ष काढलं. हे मला तिनं नाही, मामानं सांगितलं होतं.

ती बेकर्सफील्डला आली तेव्हा मी तिला कर्न काउंटी म्युझियममध्ये नेलं. मर्लचं ते डब्याचं घर 2015 मध्ये तिथे आणून ठेवलंय. तिला ते आवडलं. आत डोकावून म्हणाली, "चौघांना पुरतंय की. नीट केलंय." तिथून आम्ही दक्षिणेला वीडपॅचकडे निघालो. 1930 च्या दशकात सरकारनं स्थलांतरित मजुरांसाठी बांधलेली छावणी तिथे आहे. जुन्या लाकडी इमारतींतल्या दोन-तीन उरल्यात, आणि शेजारी आजही हंगामी शेतमजुरांची घरं आहेत. दोन्ही बाजूंना द्राक्षं आणि बदामाच्या बागा. मी गाडीत 'हंग्री आईज' लावलं आणि ओळीमागून ओळ तिला सांगत गेलो. मला वाटत होतं, जगात हे गाणं समजेल अशी एक बाई असेल तर ती माझ्या शेजारी बसली आहे.

गाणं संपलं तरी ती काही बोलली नाही. मी पुन्हा लावायला हात पुढे केला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. मग विचारलं, "ती हयात होती का, हे गाणं आलं तवा?"

"होती. 1984 पर्यंत होती."

"मग तिनं ऐकलं आसंल."

"ऐकलंच असेल. रेडिओवर सारखं लागायचं."

"शेजारणींनी बी ऐकलं आसंल."

मी म्हटलं, आई, त्यात वाईट काय आहे, तो तिच्या बाजूनं बोलतोय. तिनं माझ्याकडे न बघता विचारलं, "तिनं सांगितलं होतं का त्याला बोलायला?"

आणि मग माझ्या नववीतल्या भाषणाचा विषय निघाला. मला वाटलं होतं ती ते विसरली असेल. वक्तृत्व स्पर्धेत 'माझी आई' या विषयावर मी खडी फोडणारी पोर उभी केली होती. मामाकडून ऐकलेलं सगळं घातलं होतं आणि नसलेलंही घातलं होतं, रक्ताळलेले हात, उपाशी झोपलेली पोर. पहिलं बक्षीस मिळालं. गावात सत्कार झाला, तिथे मास्तरांनी तेच भाषण परत करायला लावलं. समोर माझी आजी, चुलत्या, सगळी भावकी बसली होती. आईनं सासरी यातलं एक अक्षर कधी सांगितलं नव्हतं, हे मला त्या गाडीत कळलं.

"तुझी आजी मला काई म्हणली न्हाई," ती म्हणाली. "पर त्या दिवसापास्नं जेवताना माझ्या ताटाकडं बघायला लागली. मी पोटभर जेवले का न्हाई ते बघायची. चांगल्या मनानंच बघायची. मला घास उतरायचा न्हाई."

मी म्हणालो, मी चौदा वर्षांचा होतो. ती म्हणाली, तुला मी काही म्हणत नाही. मग थोड्या वेळानं म्हणाली, "जात्यावर बाया काय कमी रडल्या का? पर ज्येची त्येनं ओवी गावी. माझी वाटली आसती तर मी गायले आसते."

वीडपॅचला आम्ही गाडीतून उतरलो नाही. ती म्हणाली, लोकं राहतात तिथं कशाला बघायला जायचं.

त्यानंतर मी या गाण्याबद्दल पुष्कळ विचार केला आहे, आणि तुम्हाला वाटेल की मी आता उत्तर बदललं असेल. बदललेलं नाही. ते भाषणसुद्धा मला आजही चूक वाटत नाही, हे आईला माहीत आहे आणि तिला ते पटत नाही. तिनं ओवी गायली नाही. तिच्या आईनंही गायली नाही. आम्ही बोललो नसतो तर बहात्तरच्या सालात त्या दोघींनी काय सोसलं हे आमच्या घरातल्या पुढच्या कुणालाही कळलं नसतं. माझ्या मुलीला ते माहीत आहे. ज्याचं त्यानं गावं हे खरं, पण न गाणाऱ्यांचं काय? या ठिकाणी मी मर्लच्या बाजूनं उभा राहतो.

पण आईच्या प्रश्नानं एक झालं. 'सिंग मी बॅक होम'वाल्यांशी भांडताना मी आता पहिल्यासारखा निवांत नसतो. 1968 च्या जानेवारीत पहिल्या नंबरवर असलेलं ते गाणं मर्लला सॅन क्वेंटिनमध्ये ओळखीच्या झालेल्या, पुढे मृत्युदंड झालेल्या एका कैद्यावरून सुचलं. गाण्यात त्या कैद्याला शेवटच्या वाटेनं नेत असतात आणि तो थांबून विनंती करतो, माझ्या या गिटारवाल्या मित्राला माझं जुनं गाणं म्हणू दे, मला घरी पोचवू दे. म्हणजे तिथे ज्याचं दुःख आहे तोच गाणं मागतो. गाणारा नुसता हुकूम पाळतो. कामावरचा माझा एक मित्र वर्षानुवर्षं हेच गाणं सर्वोत्तम म्हणतो आणि त्याची कारणं सूर, कोरस, आवाजातला कंप अशी असतात. ती मी सहज परतवून लावतो. हे कारण त्याला सुचलेलं नाही. मी त्याला ते सांगितलेलंही नाही, कारण सांगितलं तर त्यावर काय बोलायचं ते मला ठाऊक नाही.

आईला मी ते गाणंही ऐकवलं, ती परत जायच्या आधी. अर्थ सांगितला. ती म्हणाली, हे बरं आहे.

तेव्हा विचारणाऱ्यांनो, माझं मत 'हंग्री आईज'ला. माझ्या आईचं 'सिंग मी बॅक होम'ला. 'मामा ट्राइड' तुमच्याकडेच राहू द्या, त्यावर मी पूर्वी जे बोललो त्यातला एक शब्दही परत घेत नाही.