परभणीची वायजी : पाइप, क्षार आणि काळी माती

मंडळी, मीटर गेजच्या (एक मीटर रुंदीच्या रुळांच्या) वायजीचं, म्हणजे मालगाडीच्या वाफेच्या इंजिनाचं, मॉडेल करतोय, त्याचं काम बरंच पुढं सरकलंय. नव्यानं आलेल्यांसाठी थोडक्यात: खालचा सांगाडा एचओ स्केलच्या (1:87) अमेरिकन लाइट मिकाडो या वाफेच्या इंजिनाच्या मॉडेलचा आहे, 16.5 मिमी रुळांवर चालणारा. त्यावर वायजी उभी करायची तर स्केल 1:64 धरायचं. 16.5 गुणिले 64 म्हणजे 1056 मिमी, मीटर गेजच्या अगदी जवळ. मिकाडोची 63 इंची चाकं मॉडेलवर साधारण 18.4 मिमी भरतात आणि वायजीची 48 इंची चाकं 1:64 ला 19 मिमी व्हायला हवीत. हा फरक डोळ्याला कळत नाही. चाकांची मांडणी तर तीच, 2-8-2: पुढं दोन लहान, मधे आठ मोठी, मागं दोन लहान.

घंटा काढली. बॉयलरच्या कडेचा, हवेच्या दाबावरच्या ब्रेकसाठीचा एअर पंपही कापला. आपल्या मीटर गेजवर व्हॅक्यूम ब्रेक होते, त्यामुळे तो पंप राहिला तर बाकी कितीही राबा, इंजिन परदेशीच दिसतं. पुढं मधोमध एकच बफर आणि शेजारी व्हॅक्यूमचा होज आला. कापलेल्या जागा पुट्टी भरून 800 नंबरच्या पॉलिश पेपरनं घासल्या.

पाइपांसाठी मात्र छान सोय झाली. सराफ्यातल्या एका सोनारमामांनी तांब्याची तार त्यांच्या तार ओढायच्या पट्टीतून 0.4 मिमीपर्यंत बारीक करून दिली. ओढलेली तार ताठ आणि सरळ असते, हँडरेलला झोल येत नाही. बारीक वळणं घ्यायची असतील तेवढाच तुकडा तापवून मऊ करायचा. भोकं 0.5 मिमीच्या ड्रिलनं हातानंच पाडली. एक गोष्ट उन्हाळ्यात काम करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी: सुपरग्लूला घट्ट व्हायला हवेतला ओलावा लागतो. आपल्याकडं मे महिन्यात हवा इतकी कोरडी की जोड लवकर धरतच नाही. जोडावर तोंडानं हलकी वाफ सोडली की धरतो.

आता रंग. निव्वळ काळा मी वापरतच नाही, एवढ्या लहान आकारात त्यात रिव्हेट, पाइप सगळं बुडून जातं. गडद राखाडी दिला. त्यावर क्षार. बोअरच्या पाण्यानं बादलीला चढतो तसाच पांढरा थर जड पाण्यावरच्या बॉयलरला चढायचा. सेफ्टी व्हॉल्व्हपासून खाली आणि बॉयलर धुण्याच्या बुचांखाली पातळ पांढऱ्या रंगाचे उभे ओघळ काढले, मग ओल्या ब्रशनं कडा विरवल्या. मराठवाड्यातलं इंजिन याशिवाय पुरं वाटत नाही.

चाकांवरच्या धुळीसाठी रुळाकडेची खरी काळी माती घेतली. तव्यावर भाजली, मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळली. यापुढची पायरी कुणीही चुकवू नये. आपली माती बेसाल्टची, तिच्यात लोहखनिजाचे बारीक कण असतात. कागदात गुंडाळलेलं चुंबक मातीतून फिरवा, टोकाला काळी मिशी उगवते. हे कण मोटारीच्या चुंबकाला जाऊन चिकटले तर मोटार गेलीच. काही चिकटेनासं होईपर्यंत चुंबक फिरवलं आणि मगच माती आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कालवून लावली.

टेंडरमधल्या, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यातल्या, कोळशाचं श्रेय गल्लीतल्या काकांना. ते पूर्णेच्या इंजिन शेडला फायरमन होते. मॉडेल हातात घेऊन, चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणाले, "बापू, सगळा कोळसा सारखा कसा रे काळा? आम्ही फावड्यापुढच्या कोळशावर पाणी मारायचो, धूळ उडू नये म्हणून. तेवढा चमकायला पाहिजे." म्हणून कॅबकडच्या (ड्रायव्हरच्या खोलीकडच्या) कोळशावर ग्लॉस वार्निश आणि मागच्यावर मॅट. फरक बोटभर जागेतला आहे, पण नजर आधी तिथंच जाते. काकांनी आग सारायचा लांब सळईचा आकडाही टेंडरच्या कडेला ठेवायला सांगितलाय. तो त्याच तांब्याच्या तारेचा करणार आहे.

हेडलाइट चिमणीच्या पुढं बसवून झाला: वॉर्म व्हाइट एलईडी, 12 व्होल्टवर एक किलोओहमचा रेझिस्टर लावून. उजेड बेताचा पडतो, तेवढाच हवा होता.

राहिली टेंडरची मागची बाजू. तिथली शिडी, दिव्याची जागा आणि पाणी भरायचं झाकण कसं होतं ते नीट दिसेल असा वायजीचा मागून काढलेला फोटो कुणाकडं असेल तर कळवा. दक्षिण मध्य रेल्वेवरचा असेल तर उत्तमच. तोवर काउकॅचरच्या, म्हणजे इंजिनापुढच्या जाळीच्या, पट्ट्या कापायला घेतो.