मिल्स अँड बून आणि मावशीची चंद्रकोर

सोलापुरात नव्या पेठेजवळ भाड्याने पुस्तके देणारे एक वाचनालय होते. ते बंद होऊन बरीच वर्षे झाली. परंतु त्याचा शिक्का असलेली सतरा पुस्तके गेल्या महिन्यात मला रद्दीच्या दुकानात वजनावर मिळाली. सगळी मिल्स अँड बूनच्या इंग्रजी प्रेमकथांची, १९७० ते १९८५ या काळातली, प्रत्येक १९० पानांच्या आसपास, आणि प्रत्येकाच्या कडेला आरपार भोके पाडून जाड दोऱ्याने शिवण घातलेली. अशा शिवणीने पुस्तक टिकते, पण आतला समास गिळला जातो, त्यामुळे वाचणारीला जे काही म्हणायचे असेल ते बाहेरच्या समासात दाटीवाटीने लिहावे लागते. खरे सांगायचे तर मी ती पुस्तके त्या समासांसाठीच घेतली.

जेराल्ड मिल्स आणि चार्ल्स बून यांनी १९०८ साली लंडनमध्ये सुरू केलेली ही प्रकाशनसंस्था आरंभी नाना तऱ्हेची पुस्तके काढत असे. प्रेमकथा हाच तिचा मुख्य व्यवसाय पुढे झाला, आणि १९७१ मध्ये कॅनडाच्या हार्लेक्विनने ती विकत घेतली. आमच्या मावशीच्या पिढीला यातले काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ती काउंटरवर ‘एक एमबी द्या’ एवढेच म्हणत असे.

या जुन्या कथांचा साचा वाचकांना परिचित आहे. नायिका विशीतली, परिचारिका किंवा सेक्रेटरी. नायक पस्तिशीचा, जहाजांचा नाही तर जमिनींचा मालक, आणि स्वभावाने तुसडा. कथा बहुधा केवळ नायिकेच्या नजरेतून सांगितली जाते, नायकाच्या मनात वाचकाला प्रवेश नसतो, आणि मग अगदी शेवटच्या चार-पाच पानांत तो कबूल करतो की पहिल्या दिवसापासून त्याचे हिच्यावर प्रेम होते. अशाच एका कबुलीजवाबाशेजारी, १८४व्या पानावर, बारीक अक्षरात लिहिले आहे, ‘मग आधी सांगायला काय झालं होतं?’

माझी लेक कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने एक पुस्तक अर्धे वाचून खाली ठेवले आणि म्हणाली, “आई, हा नायक कसला, आरोपी आहे हा. तुम्ही बायका हे मुकाट्याने वाचत होतात?” मी तिच्यापुढे दुसरे पुस्तक उघडून धरले. नायक नायिकेचे मनगट आवळतो त्या ओळीखाली जोरात रेघ ओढलेली होती आणि कडेला शब्द होते, ‘सोड मेल्या’. त्याच्या पुढच्या प्रकरणात एकीने विचारले आहे, ‘ही नोकरी का सोडत नाही?’ आणि त्याखाली अगदी वेगळ्या, उभट अक्षरात दुसरीचे उत्तर आहे, ‘घरभाडं कोण भरणार?’ या दोघी एकमेकींना कधी भेटल्या असतील असे वाटत नाही. आजच्या वाचक या कथांवर जे आक्षेप घेतात, त्यांतले निम्मे तरी सोलापुरात पेन्सिलीने आधीच नोंदवले गेले होते.

याचा अर्थ मी या पुस्तकांची वकिली करते आहे असा नव्हे. शेवटच्या कबुलीने मागचा सगळा दुष्टपणा प्रेमाचीच खूण ठरवायचा, ही त्यांची युक्ती मला आजही खटकते. पण ती युक्ती वाचकांना कळत नव्हती, हे म्हणणे मात्र चुकीचे आहे. मावशीची पद्धत अशी की पुस्तक घेण्यापूर्वी तिथेच उभ्या उभ्या शेवट वाचायचा, “तो नीट नाक घासत नसेल तर पुस्तक परत. दिवसाचे पन्नास पैसे काय झाडाला लागतात?” अमेरिकेतल्या प्रेमकथांच्या वाचक स्त्रियांवर जॅनिस रॅडवे यांनी १९८४ साली जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यातही शेवट आधी पाहून घेणाऱ्या बायका आहेत, आणि वाचनाचा वेळ हा घरच्यांपासून राखून ठेवलेला स्वतःचा वेळ असतो असे सांगणाऱ्याही आहेत. मावशीचा तो वेळ जेवणाची भांडी आवरल्यापासून काकांची पाळी सुटल्याचा भोंगा होईपर्यंतचा. भोंगा वाजला की पुस्तक गव्हाच्या डब्यामागे जाई.

घरात सांगायचे कारण अर्थातच ‘इंग्रजी सुधारते’ हे होते, आणि ते सर्वस्वी खोटे नव्हते. हैदराबादच्या महाविद्यालयीन मुलींच्या अशाच वाचनाचा राधिका परमेश्वरन यांनी अभ्यास केला, त्यातही इंग्रजीचा हा मुद्दा येतो. माझ्याकडच्या सतरांपैकी अकरा पुस्तकांत ‘सार्डॉनिक’ या शब्दावर कुणी ना कुणी ‘कुत्सित’ असा अर्थ लिहून ठेवला आहे. नायकाची भुवई उंचावली की हा शब्द हमखास येतो. मावशीला तो अजून पाठ आहे, पण बोलताना वापरायची संधी तिला एकदाही मिळालेली नाही.

मुखपृष्ठे आणि नावे इतकी एकसारखी असत की वाचलेले पुस्तक चुकून पुन्हा घरी येई आणि पैसे फुकट जात. म्हणून प्रत्येकीने शेवटच्या पानावर आपली खूण करायची, असा अलिखित नियम होता. कुठे फुली आहे, कुठे पणती, कुठे एक तेलुगू अक्षर. मावशीची खूण चंद्रकोर. सगळी पुस्तके तिच्यासमोर मांडली तेव्हा चार पुस्तकांत ती सापडली. पाचवे, ज्यात नायक नायिकेला वादळात बंगल्याबाहेर काढतो, ते तिने हाताने बाजूला सारले आणि म्हणाली, “इतकं भिकार पुस्तक मी दुसरं वाचलं नाही.” मी त्याचे शेवटचे पान उघडले. तिथे दोन चंद्रकोरी होत्या, एक पुसट आणि दुसरी तिच्याशेजारी, शाईच्या पेनाने काढलेली.