शेवटचे दहा सेकंद

गुरुवार, रात्री उशिरा

सामना संपल्यावर दोन्ही संघ रांगेने समोरासमोर येतात आणि एकमेकींच्या हातावर हात मारत पुढे सरकतात. त्याला मी खिलाडूवृत्ती म्हणत नाही. ती शिस्त आहे, चांगली शिस्त आहे, पण ती पाळावीच लागते. कोच बघत असतात, फोटो निघत असतात, आणि निकाल तर लागून गेलेला असतो. कोण कसं आहे ते त्याआधी कळतं, चेंडू खेळात असताना, जेव्हा चांगलं वागल्याने नुकसान होऊ शकतं.

आज लेकीच्या विद्यापीठाचा सामना होता. प्रतिस्पर्धी नेहमीचेच. गाडीने तासाभराच्या अंतरावरचं विद्यापीठ, एकच कॉन्फरन्स, म्हणजे आपसात नेहमी खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट, आणि दोन्हीकडच्या मुली त्याच चार-पाच क्लबांतून खेळून आलेल्या. अमेरिकेतल्या कॉलेज सॉकरमधलं (आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तेच) वैर बहुतेक असंच असतं, शेजाऱ्यांचं. दूरच्या राज्यातल्या बलाढ्य संघाकडून हरलं तर मुली दुसऱ्या दिवशी विसरतात. इथे हरलं तर वर्षभर डोक्यात राहतं, कारण पुढची संधी वर्षानेच येते. कॉन्फरन्स स्पर्धेत गाठ पडली तरच आधी.

लेक गोलकीपर आहे, तिसऱ्या वर्षाला. उत्तरार्धात तिचा गोल त्यांच्या विद्यार्थ्यांच्या स्टँडसमोर आला. गोलच्या जाळीपासून पहिल्या रांगेपर्यंत जेमतेम दहा पावलं. आमचा एक गोल झालेला, पाऊस भुरभुरत होता, आणि घड्याळावर तीन मिनिटंही उरली नव्हती.

त्यांनी उजवीकडून चेंडू उंच टाकला. लेकीने तो हवेत पकडला, पण ओला चेंडू ग्लोव्ह्जमधून निसटला आणि समोर दोन हातांच्या अंतरावर पडला. ती त्यावर झेपावली, डोकं पुढे, दोन्ही हात गवतावर सरपटत. समोरून त्यांची नऊ नंबर पूर्ण वेगात आली. तो चेंडू दोघींचाही होता. नऊ नंबरने पाय घातला असता तर गोल झाला असता, किंवा तिचा बूट माझ्या मुलीच्या जबड्यावर बसला असता. किंवा दोन्ही. तिने पाय उचलून घेतला, लेकीच्या अंगावरून उडी मारली आणि तोल जाऊन जाळीत पडली. चेंडू लेकीच्या छातीखाली आला.

शिट्टी वाजली नाही, कारण फाउलच झाला नव्हता. टाळ्याही नाहीत. त्यांच्या बेंचवरून एक माणूस तिच्यावर ओरडला, पाय का नाही घातलास म्हणून.

पुढे जे झालं ते तर कुणाच्या लक्षातही आलं नसेल. एका गोलची आघाडी असताना गोलकीपर चेंडू पोटाशी धरून पडून राहतो, सावकाश उठतो, मोजे वर ओढतो, हे सगळेच करतात. पंधरा-वीस सेकंद सहज जातात. लेक लगेच उठली. जाळीत अडकलेल्या नऊ नंबरला एका हाताने ओढून उभं केलं आणि चेंडू लांब मारून दिला. आमचे कोच हात पसरून तिच्याकडे बघत राहिले.

आम्ही १–० ने जिंकलो. मला झोप येत नाहीये, पण जिंकल्यामुळे नाही.

शुक्रवार

ते पंधरा-वीस सेकंद मला एवढे मोठे का वाटतात ते नीट लिहायला हवं. ज्यांनी फक्त टीव्हीवरचा युरोपातला फुटबॉल पाहिला आहे, त्यांना कॉलेजचं घड्याळ ठाऊक नसतं. इथे स्कोअरबोर्डवरचं घड्याळ उलटं चालतं, पंचेचाळीस मिनिटांवरून शून्याकडे. शेवटी रेफ्रीने आपल्या मनाने तीन-चार मिनिटं वाढवायची पद्धत नाही. गोल झाला, कार्ड निघालं, कुणाला लागलं तर घड्याळ थांबवतात. आघाडीवरच्या संघाने शेवटच्या मिनिटांत बदली खेळाडू पाठवला तरी थांबवतात, म्हणजे त्यात वेळ काढता येऊ नये. पण चेंडूवर पडून राहिलेल्या गोलकीपरसाठी ते सहसा थांबत नाही. शेवटचे दहा सेकंद निवेदक माइकवर मोजतो, स्टँड त्याच्याबरोबर ओरडतं, आणि शून्यावर भोंगा वाजतो. चेंडू रेषेपासून वीतभर अलीकडे असला तरी खेळ संपला.

त्यामुळे वेळ हा इथे सगळ्यांना दिसणारा ऐवज असतो. प्रत्येक खेळाडूला नेमकं माहीत असतं की आपण किती सेकंद खाल्ले आणि कुणाचे खाल्ले.

आणि सेकंदांनी काय होतं ते २०२२ च्या महिलांच्या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सगळ्यांनी बघितलं. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाविरुद्ध २–० ने पुढे. दहाएक मिनिटं राहिलेली असताना यूसीएलएने एक गोल फेडला. घड्याळावर सोळा सेकंद असताना कॉर्नर आला, हेडर बसला, बरोबरी झाली. जादा वेळेत यूसीएलएने तो सामना ३–२ ने जिंकला. आम्ही तो घरी बसून पाहिला होता. सोळा सेकंद, म्हणजे एखाद्या गोलकीपरने एकदा मोजे वर ओढायला जेवढे लागतात तेवढे.

म्हणून कालचं लेकीचं लगेच उठणं मला हस्तांदोलनापेक्षा शंभर पटींनी मोठं वाटतं. नऊ नंबरने तिला काहीतरी दिलं होतं, तिने घड्याळातून परतफेड केली. दोघींनी ठरवून काही केलं नाही. तेवढा विचार करायला वेळच नव्हता.

कोच रागावले असतील तर ते मला समजतं. त्यांची नोकरी निकालावर चालते. तरीही माझं मत बदलत नाही. वेळ काढणं नियमात बसतं म्हणून ते हुशारीचं ठरवायचं आणि मुलींना तेच शिकवायचं, हे मला पटलेलं नाही आणि पटणार नाही.

शनिवार

सकाळी लेकीचा फोन. खांदा दुखतोय, बाकी ठीक. मी नऊ नंबरचा विषय काढला.

"आई, तिला मी बारा वर्षांची असल्यापासून ओळखते," म्हणाली. "आमच्या क्लबविरुद्ध खेळायची ती. तिने माझ्यावर जितके गोल केलेत तितके कुणीच केले नाहीत."

मी म्हटलं, तिने पाय घातला असता तर?

"तर घातला असता. चेंडू तिचा पण होता ना. मी तक्रार केली नसती." थोडं थांबून म्हणाली, "पण ती घालणार नाही हे मला माहीत होतं. म्हणून तर मी डोकं पुढे घातलं."

हे मला अगदी नवीन होतं. मी इतकी वर्षं स्टँडमध्ये बसून समजत होते की वैर आणि भरवसा एकमेकांच्या वाटेत येतात. लेकीचं म्हणणं नेमकं उलट. अनोळखी संघाविरुद्ध ती त्या चेंडूवर हातांआधी पाय टाकते, स्वतःला वाचवत जाते. इथे ती पूर्ण झेपावली, कारण समोर कोण आहे ते पक्कं ठाऊक होतं. म्हणजे तिचा सगळ्यात धाडसी खेळ निघतो तो याच मुलीसमोर.

"ती सीनियर आहे," लेक म्हणाली. "पुढच्या वर्षी नसेल." आवाज उतरला होता. कॉलेजमध्ये एका खेळाडूला सहसा चारच मोसम मिळतात. वैर विद्यापीठांचं असतं, दीडशे वर्षं चालतं, पण माणसं दर चार वर्षांनी बदलतात.

दीडशे वर्षं हे नुसतं बोलायला नाही म्हणत. ६ नोव्हेंबर १८६९ ला न्यू जर्सीतल्या न्यू ब्रन्सविकमध्ये रटगर्स आणि प्रिन्स्टन पहिल्यांदा भिडले, प्रत्येक बाजूला पंचवीस खेळाडू. अमेरिकन फुटबॉलवाले, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या खेळाचे लोक, त्याला आपला पहिला सामना मानतात, पण त्या दिवशी चेंडू हातात घेऊन पळायला बंदी होती, त्यामुळे सॉकरवाल्यांचाही त्यावर हक्क आहेच. रटगर्स ६–४ ने जिंकलं. आठवड्याने प्रिन्स्टनने आपल्या मैदानावर ८–० ने फेड केली. तिसरा सामना ठरला होता, तो झालाच नाही. शेजारी, चुरस, परतफेड आणि मनात राहिलेला हिशोब, कॉलेजच्या वैराला लागतं ते सगळं पहिल्याच महिन्यात हजर होतं.

मला त्याहून आवडतात ते पुरुषांच्या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेचे बरोबरीत सुटलेले अंतिम सामने. १९६७ साली सेंट लुइस आणि मिशिगन स्टेट यांचा अंतिम सामना खराब हवामानामुळे ०–० वर थांबवला आणि दोघांनाही विजेते घोषित केलं. पुढच्या वर्षी मिशिगन स्टेट आणि मेरीलँड, २–२, पुन्हा दोघे विजेते. १९८९ ला सांता क्लारा आणि व्हर्जिनिया कडाक्याच्या थंडीत चार वेळा जादा वेळ खेळले, तरी १–१. तिथेही विजेतेपद वाटून दिलं. आता असं होत नाही, अंतिम सामन्याचा निकाल पेनल्टींवर लावतात. साखळीत मात्र २०२२ पासून जादा वेळ काढून टाकला आहे, बरोबरी झाली की दोघांनी ती घेऊन घरी जायचं. पुष्कळ पालकांना ते मिळमिळीत वाटतं. मला नाही वाटत. दोन संघ नव्वद मिनिटं एकमेकांना पुरून उरले असतील, तर तसं लिहून ठेवायला काय हरकत आहे?

शेजाऱ्याला हरवण्यातली चव मलाही कळते. १९९४ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या मुली शंभराहून जास्त सामने हरल्या नव्हत्या. तो सिलसिला तोडला शेजारच्या ड्यूकने, ३–२. त्या मोसमाचं विजेतेपद शेवटी नॉर्थ कॅरोलिनालाच मिळालं, तरी ड्यूकच्या त्या मुलींना तो एक दिवस जन्मभर पुरला असणार.

रविवार

आता विद्यार्थ्यांच्या स्टँडबद्दल. हे गुरुवारीच लिहायचं होतं, पण तेव्हा हात थरथरत होता.

गोलच्या मागे बसून पाहुण्या गोलकीपरला चिडवणं ही इथली जुनी रीत आहे. तिला माझा विरोध नाही. ढोल वाजवा, प्रत्येक गोलकिकला एका सुरात ओरडा, नंबर घेऊन डिवचा. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा विद्यापीठाच्या मैदानावर तर गोल झाला की प्रेक्षक मैदानात टॉर्टिया, म्हणजे मेक्सिकन पोळ्या, भिरकावतात, आणि कॅल पॉली या विद्यापीठाविरुद्धच्या त्यांच्या सामन्याला कॉलेज सॉकरमध्ये क्वचित दिसणारी गर्दी लोटते. त्या उत्साहाशिवाय हा खेळ रिकाम्या बाकांसमोर चालेल.

पण गुरुवारी त्या मुलांनी लेकीचं पूर्ण नाव शोधून आणलं होतं. मधलं नाव, म्हणजे तिच्या बाबांचं नाव, ते वेडंवाकडं उच्चारून त्याचा घोष चालला होता. इन्स्टाग्रामवरचे तिच्या आजीबरोबरचे फोटो मोठे छापून फलकावर लावले होते. ज्या घरातल्या सासू-सुनांपैकी कधी कुणी मैदानात पाऊलही टाकलं नव्हतं, त्या घरातली ती आजी नातीच्या सामन्यांचे व्हिडिओ रोज बघते. तिचा चेहरा त्या फलकावर. रेफ्रीने काही केलं नाही, आणि यजमानांच्या कर्मचाऱ्यांपैकी कुणी उठलं नाही. सामन्याआधी माइकवर खिलाडूवृत्तीचं निवेदन मात्र वाचून झालं होतं.

याला मी वैर म्हणणार नाही. नऊ नंबर जेव्हा लेकीवर धावून येते तेव्हा तिलाही लागू शकतं. जो जाळीमागे, कठड्याआड सुरक्षित आहे त्याला काहीच लागत नाही, आणि तरी त्याला झुंजीचा मान हवा असतो.

प्रेक्षकांची ती ताकद मैदानाबाहेरही चालते. नोव्हेंबर २००९ मध्ये माउंटन वेस्ट कॉन्फरन्सच्या उपांत्य सामन्यात न्यू मेक्सिकोच्या एका बचावपटूने बीवाययूच्या (ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या) मुलीला वेणी धरून मागे खेचलं आणि जमिनीवर आपटलं. ते भयंकरच होतं. रेफ्रीने तिला बाहेर काढलं नाही, ही चूक. विद्यापीठाने बेमुदत निलंबित केलं, ते योग्य. तिने जाहीर माफी मागितली. पण ती काही सेकंदांची चित्रफीत देशभर इतकी फिरली की महिला कॉलेज सॉकरचं नाव ऐकलं की लोकांना तेवढंच आठवायचं. पुरुषांच्या सामन्यात याहून वाईट टॅकल आठवडाभरात विसरले जातात. गोलकीपर वाचावी म्हणून उचललेल्या पायाची चित्रफीत मात्र कुणी काढत नाही, आणि काढली तरी कोण बघणार?

पुढच्या वर्षी हा सामना आमच्या मैदानावर आहे. त्यांची गोलकीपर आमच्या पोरांसमोर उभी राहील, आणि गुरुवारचा हिशोब चुकता करायला आमची पोरं टपलेली असतील, हे लेकीनेच सांगितलं. आमच्या बाजूच्या विद्यार्थी मंडळाचे जे प्रमुख आहेत त्यांना मी पत्र लिहायला घेतलं आहे. मागण्या तीनच आहेत. ओरडा, पण जर्सीवर जे लिहिलंय तेवढंच ओरडा. घरच्यांचे फोटो, घरच्यांची नावं आत आणू नका. आणि कुणी खाली पडलं तर ती उठेपर्यंत ढोल बंद. लेक म्हणाली, खाली तिची आणि संघातल्या सगळ्यांची सही घे, नुसत्या आईचं कोण ऐकेल. मसुदा आज रात्री तिला पाठवते.