काय मागवलं होतं?

एकोणीस दिवस झाले त्याला. दुपारी दाराची बेल वाजली, पार्सल होतं, माझ्याच नावाचं. आई आतून म्हणाली, "काय मागवलंस गं?" आणि मला आठवेना.

घडलं ते एवढंच, पण डोक्यातून जातच नाहीये, म्हणून आज शेवटी लिहायला बसले.

खाकी रंगाचा छोटा खोका. एक कोपरा चेपलेला, चिकटपट्टीचे दोन वेढे, वजन जवळपास नाहीच. हलवून पाहिला तर आतली वस्तू एकदा इकडे सरकली, एकदा तिकडे. मोबाईल उघडला असता तर क्षणात कळलं असतं, पण हट्टानेच नाही उघडला. बसल्या बसल्या आठवत राहिले. पेन? चार्जरची वायर? ते मागच्या महिन्यात आलं होतं. मग हे काय? आईला म्हटलं, "आहे असंच काहीतरी." ती काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

खोका तसाच टेबलावर ठेवला आणि रात्री गेल्या बारा महिन्यांत याआधी घरी येऊन गेलेल्या ऑर्डरींची यादी काढली. वहीत तीन रकाने आखले. वापरते. पडून आहे. आठवतच नाही. एकूण 83 वस्तू निघाल्या. पहिल्या रकान्यात 31, दुसऱ्यात 28, तिसऱ्यात 24. तिसरा रकाना भरताना हात जड झाला. पडून असलेल्या वस्तूंचं निदान कारण तरी सांगता येतं. तेव्हा वाटलं होतं, पण नाही जमलं वापरायला, बस. या 24 गोष्टींचं काय? 24 वेळा मला काहीतरी हवं होतं, पैसे मोजण्याइतकं हवं होतं, आणि ते हवं असणं आता कुठेच नाही. मनातही नाही आणि घरातही नाही. त्यातल्या काही वस्तू शोधूनसुद्धा सापडल्या नाहीत.

पैसे गेल्याचं दुःख मी समजू शकते. ते मोजता येतं. हे मोजता येत नाही.

यादीत वेळाही होत्या. बहुतेक ऑर्डरी रात्री अकरा ते एकच्या मधल्या. त्या महिन्यांत झोप का लागत नव्हती ते इथे नको. दादाशी बोलणं झालं की दुसऱ्याच रात्री दोन-तीन वस्तू, हे मात्र तारखांवरून स्पष्ट दिसतं.

त्यानंतरचे तीन-चार दिवस मी अगदी वाईट काढले. स्वतःची कीव येत होती. एवढी वर्षं कमावते आहे, कुणापुढे हात पसरलेला नाही, घराला कधी काही कमी पडू दिलं नाही, आणि स्वतःच्या नावावर महिना निघेल एवढीही शिल्लक नाही. वर क्रेडिट कार्डाचं ओझं. तीन महिने मी फक्त मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरत होते आणि मनाला सांगत होते की भरते आहे ना वेळेवर! त्याचा खरा हिशोब त्या आठवड्यात पहिल्यांदा शांतपणे मांडला. 72 चा नियम शाळेतच कुणीतरी शिकवला होता. 72 ला व्याजदराने भागलं की पैसा दुप्पट व्हायला लागणारा काळ अंदाजे निघतो. वर्षाला 6 टक्के मिळाले तर 12 वर्षं, 8 टक्के मिळाले तर 9. आजवर तो फक्त साठवलेल्या पैशाला लावायचा असतो असं मी धरून चालले होते. कर्जालाही तो तसाच लागतो. कार्डाच्या थकबाकीवर दरमहा 3 टक्के धरले तर 72 भागिले 3, म्हणजे 24 महिने. काहीच न फेडता राहिलं तर दोन वर्षांत दुप्पट. शिवाय मागची बाकी पूर्ण चुकती केली नाही की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, खरेदीच्या दिवसापासूनच व्याज सुरू होतं. म्हणजे रात्री बाराला मागवलेल्या आणि सकाळी विसरलेल्या वस्तूवरही व्याज चालू होतं. मी विसरले होते, व्याज विसरलं नव्हतं.

पुन्हा तिथेच येते. विसरले कशी?

बाबा विसरत नसत. लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात त्यांची पाच पाकिटं असायची. भाडं, वीज, शाळा, औषधं आणि अडीअडचण. पगाराच्या संध्याकाळी ते पलंगावर बसून नोटा मोजून पाकिटांत घालत, आणि प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीने आकडा लिहीत. काढले की जुन्या आकड्यावर रेघ, खाली नवा. वर्षअखेरीस पाकिटाच्या पाठीवर आकड्यांची शिडीच तयार व्हायची. अडीअडचणीच्या पाकिटाचा कागद हाताळून हाताळून कापडासारखा मऊ झाला होता. ते रिकामं झालेलं मी एकदाच पाहिलं. त्या दिवसांबद्दल लिहायची अजून हिंमत नाही. पण ते पाकीट होतं म्हणून आई आज आतल्या खोलीत बसलेली आहे.

हा बाबांचा स्वभाव, त्यांना लक्षात राहायचं, आपल्याला नाही, अशी मी इतकी वर्षं समजूत घालून घेतली होती. ती चुकीची निघाली. दिलीप सोमण या अभ्यासकाचा 2001 सालचा एक शोधनिबंध आहे, त्यात नेमकं हेच तपासलं आहे. पैसे कसे दिले यावर खर्च किती लक्षात राहतो हे अवलंबून असतं. रोख देताना नोटा मोजाव्या लागतात, चेकवर रक्कम स्वतःच्या हाताने लिहावी लागते, आणि त्या लिहिण्यातच ती मनात उतरते. कार्डाने दिलेली रक्कम तशी उतरत नाही. आणि मागचा खर्च लक्षात नसला की पुढचा करताना हात आखडत नाही. वाचून मी वही मिटून बसले. बाबांची ती पेन्सिल! त्यांची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली नव्हतीच, चष्मा कुठे ठेवला हे त्यांना रोज शोधावं लागायचं. फक्त पाकिटातून गेलेला प्रत्येक पैसा त्यांच्या हाताखालून जायचा. माझा अंगठ्याच्या एका स्पर्शाने जातो. कार्ड साठवलेलं, पत्ता साठवलेला, मला लक्षात ठेवायला काही शिल्लकच ठेवलेलं नाही.

खोका दुसऱ्या दिवशी सकाळी उघडला होता. ते आधी लिहायला हवं होतं, टाळत होते.

आत भिंग होतं. दिवा असलेलं, टेबलाला चिमट्याने लावायचं. आईसाठी. दीड महिन्यापूर्वी उशीची उसवलेली खोळ हातात घेऊन ती खिडकीपाशी बसली होती आणि तिसऱ्यांदा सुई ओवता आली नाही तेव्हा सगळं बाजूला ठेवून दिलं. काही बोलली नाही, फक्त दोरा परत रिळाला गुंडाळला. मी ते दारातून पाहिलं होतं आणि त्याच रात्री भिंग शोधून मागवलं होतं. यायला वेळ लागेल असं लिहिलेलं होतं.

खोक्यात काहीतरी निरुपयोगी निघेल, मग मी स्वतःला दोन बोल लावीन आणि विषय संपेल, अशी माझी तयारी होती. निघालं ते वर्षभरातलं सगळ्यात गरजेचं. आणि नेमकं तेच मी विसरले होते. बाकीच्या गर्दीत ते बुडून गेलं होतं. आईने विचारलं तेव्हा तोंडावर "तुझ्यासाठीच गं" असं यायला हवं होतं, आणि मी म्हणाले, असंच काहीतरी. या "असंच" ने मला सगळ्यात जास्त लागलं. नको असलेल्या वस्तूंवर गेलेले पैसे हळूहळू भरून निघतील. पण हवं काय आणि नको काय, हे दोन्ही माझ्या मनात एकाच वजनाचं झालं, ते कधी झालं?

ताईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "अगं, सगळ्यांचंच होतं असं." होत असेल. त्याने मला बरं वाटलं नाही.

मग काय केलं ते लिहिते. सगळ्यात आधी साठवलेलं कार्ड सगळीकडून काढून टाकलं. आता काही घ्यायचं तर उठून पर्स आणावी लागते, 16 आकडे टाकावे लागतात. रात्री साडेअकराला ते उठणं होत नाही, आणि बरंचसं तिथेच थांबतं. दुसरं, कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला. जे हवंसं वाटेल ते तारखेसकट पेन्सिलीने लिहायचं आणि 30 दिवस थांबायचं. 19 दिवसांत 11 गोष्टी लिहिल्या. त्यातल्या सात मी आपणहून खोडल्या, मुदत संपायचीही वाट पाहिली नाही. दोन आहेत त्या खरंच लागणार आहेत. उरलेल्या दोन्हींचं अजून ठरत नाही, राहू देत. खोडताना त्रास होईल असं वाटलं होतं. झाला नाही.

कार्डाची बाकी आधी फेडायची की साठवायला आधी सुरुवात करायची, यावर दोन रात्री घालवल्या. आकडा सरळ सांगतो की बाकी आधी. वर्षाला 36 टक्क्यांच्या आसपास घेणाऱ्या कर्जासमोर कुठलीही सुरक्षित ठेव टिकणार नाही. पण हातात अगदीच काही नसलं तर पहिल्या दुखण्या-दुरुस्तीला पुन्हा कार्डच बाहेर येतं, हे मी दोनदा भोगलं आहे. म्हणून मोठा वाटा बाकीला आणि पगाराचे 5 टक्के बाजूला, असं ठरवलं. बाकी संपली की तो वाटाही तिकडेच वळवायचा, आणि निदान तीन महिन्यांचा घरखर्च होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

5 टक्के फार थोडे वाटले. थेलर आणि बेनार्ट्झी या दोघांनी 2004 मध्ये लिहिलेला प्रयोग माहीत होता म्हणून मन शांत झालं. (थेलर म्हणजे 2017 चं अर्थशास्त्राचं नोबेल ज्यांना मिळालं ते.) एका कारखान्यातल्या, लगेच जास्त वाचवायला तयार नसलेल्या लोकांकडून आज काहीच मागितलं नाही, फक्त पुढची पगारवाढ होईल तेव्हा तिच्यातला काही भाग आपोआप बचतीत जाईल एवढं आधी कबूल करून घेतलं. 40 महिन्यांत त्यांची बचत पगाराच्या 3.5 टक्क्यांवरून 13.6 टक्क्यांवर गेली. हातात आलेला पैसा सोडवत नाही, न आलेल्याबद्दल मात्र माणूस उदार असतो. मीही पुढच्या वाढीतला निम्मा भाग आत्ताच लिहून टाकला आहे, पेन्सिलीने नव्हे, पेनाने.

रोज रात्री झोपण्याआधी दिवसाचा खर्च हाताने वहीत उतरवते. परवा राहिला. तापासारखं वाटत होतं, आडवी झाले ती सकाळीच उठले, आणि उठल्या उठल्या पहिला विचार आला की संपलं, आपल्याकडून होत नाही. हा विचार माझ्या ओळखीचा आहे, याच्याच आधाराने मी याआधी तीन वह्या सोडल्या. पण लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधला फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा सवयींवरचा अभ्यास आहे, 96 जणांवर केलेला. सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागतात, आणि कुणाला 18 तर कुणाला 254. त्यातच आहे की एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही. दात घासून आधी परवाचा खर्च लिहिला. एक रक्कम आठवली नाही. तिथे जागा मोकळी सोडली.

त्या मोकळ्या जागेकडे बघून पूर्वीसारखं पोटात तुटलं नाही. एक रक्कम आठवत नाही, बाकीच्या सगळ्या आठवतात.

आज पगार झाला. बँकेच्या ॲपमध्ये वेगळं खातं उघडून ठेवलं होतं, त्यात 5 टक्के गेले. दर महिन्याच्या याच तारखेला ते आपोआप जातील. खात्याला टोपणनाव देता येतं, तिथे मी 'अडीअडचण' असं लिहिलं आणि मोबाईल आईपुढे धरला.

ती टेबलापाशी बसली होती, भिंगाचा दिवा चालू, मांडीवर तीच खोळ. तिने मोबाईल हातात घेतला, भिंगाखाली नेला, आणि अक्षर न् अक्षर लावून वाचलं.

"नाव तेच ठेवलंस," एवढंच म्हणाली. मग मोबाईल परत दिला आणि सुई उजेडात धरली.